प्रतिक्रियेला उत्तर: ‘बाकीच्या गोळ्यांना पुढच्या आठवड्यात या’

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सरकारी दवाखान्यांचा पैसा नीट वाटला जात नाही, या माझ्या लेखावर तुम्ही म्हणता: मुळात पैसाच तोकडा, त्यात कार्यक्षमता कसली मोजता? असे हिशोब मांडले की पहिली कात्री डायलिसिसवर येते, आणि माझे वडील त्यावरच जगताहेत.

पैसा तोकडा आहे, अगदी मान्य. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरलं होतं. तिथवर आपण पोचलो नाही. लेखात हे सगळ्यात आधी यायला हवं होतं, राहून गेलं, चूक माझी. आणि वडिलांचं डायलिसिस एकदाही चुकता कामा नये, याबद्दल वादच नाही.

पण कात्री आजही चालतेच आहे, फक्त डोळ्यांवर येत नाही. माझी मावशी दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात जायची. लागायच्या तीस. खिडकीतून दहाची एक पट्टी हातात यायची आणि ‘बाकीच्या पुढच्या आठवड्यात या’. एसटीचं भाडं, वर बुडालेली मजुरी. शेवटी तिनेच तोड काढली, एक दिवसाआड गोळी. दोन वर्षांत लकवा मारला, उजवा हात कायमचा गेला.

वाढलेला बीपी आणि साखर ही किडनी निकामी होण्याचीही मोठी कारणं. मी गोळ्यांसाठी भांडतो ते तुमच्या वडिलांची खाट काढून घ्यायला नाही हो. त्या खाटेसाठीची रांग वाढू नये म्हणून भांडतो.

शिवाय दर वेळी पैशावाचूनच अडतं असंही नाही. तमिळनाडूने औषधखरेदीसाठी १९९४ मध्ये वेगळं महामंडळ काढलं. राज्यभराची एकत्र खरेदी, जेनेरिक औषधं, वाटपाआधी तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं. त्यातलं पासबुक मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रत्येक दवाखान्याच्या नावावर ठरावीक रक्कम असते. आपल्या रुग्णांना जे लागतं ते त्याने गोदामातून उचलायचं, तेवढी रक्कम पासबुकातून वजा. वरून आलंय ते ठेवून घ्या, हा प्रकार नाही. आपल्याकडे अशा खरेदी प्राधिकरणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं.

वडिलांसोबत केंद्रावर बसता तेव्हा शेजारच्यांना एकदा विचाराल का, डायलिसिस लागण्याआधी बीपीच्या गोळ्या महिनाभर पुरेशा मिळायच्या का? जे कळेल ते इथेच लिहा. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध निघालं तरी लिहा.