आणि पाउलिनेचं काय?

मेटर्निख घराण्यावरचा तुमचा लेख छान, पण हे घराणं म्हणजे ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी क्लेमेन्स आणि नेपोलियननंतर युरोपची घडी बसवणारी १८१५ ची व्हिएन्ना परिषद, एवढ्यावरच थांबलात. त्याची नात पाउलिने राहूनच गेली! तिचं लग्न १८५६ मध्ये क्लेमेन्सच्याच मुलाशी, रिचर्डशी झालं. म्हणजे नवरा तिचा सावत्र मामा. आजोबाच सासरे! (आपल्याकडे मामाच्या मुलीपर्यंत चालतं, इथे थेट मामाच.)

१८५९ मध्ये रिचर्ड ऑस्ट्रियाचा राजदूत म्हणून पॅरिसला गेला. त्याच वर्षी फ्रान्सने ऑस्ट्रियाला सोल्फेरिनोच्या लढाईत हरवलं होतं. अशा दरबारात जागा करायची म्हणजे नुसत्या खलित्यांनी भागणार नव्हतं. ते काम बायकोने केलं. वर्थ नावाच्या नवख्या शिंप्याच्या बायकोने पोशाखांच्या चित्रांची वही आणून दाखवली, पाउलिनेने तीनशे फ्रँकच्या बोलीवर पोशाख शिवून घेतले. त्यातला चंदेरी जरीचा, डेझीची फुलं लावलेला पोशाख घालून ती त्विलरी राजवाड्यात गेली आणि फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिची नजर त्यावर खिळली. दुसऱ्या दिवशी वर्थला राजवाड्यातून बोलावणं! त्यानंतर तीनशे फ्रँकमध्ये त्याच्याकडे काही मिळेना, असं तिनेच गमतीने लिहून ठेवलंय.

हा नुसता नटवेपणा नव्हता हो. सम्राज्ञीच्या बैठकीत रोजची उठबस म्हणजे बातमी आधी कानावर. आणि ४ सप्टेंबर १८७० ला, सदानच्या लढाईत प्रशियाने फ्रान्सला हरवल्यानंतर जमाव राजवाड्याच्या दारात आला, तेव्हा युजेनीला बाहेर काढणाऱ्या दोघांपैकी एक रिचर्डच होता, दुसरा इटलीचा राजदूत निग्रा. पुढचा भाग लिहिणार असाल तर सुरुवात तिथूनच करा.