लॉनी पिचफर्डची एक तार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, एका तारेवर वाजवणाऱ्या लॉनी पिचफर्डवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच लिहिलंत, पण मला टोचलं ते एवढंच: ‘एका तारेच्या तुणतुण्याला वाद्य म्हणणं हे गरिबीचं कौतुक आहे. ज्यांना गिटार परवडली त्यांनी ते केव्हाच फेकून दिलं. लेखकाने आयुष्यात कधी गिटार हातात धरली नसावी.’ मतभेदाचं मला वावडं नाही. पण शेवटच्या वाक्यात मत कुठे आहे? ती माझी लायकी काढणं झालं. ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत, त्याच्याशी या भाषेत बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

एक गोष्ट मान्य करतो. गिटार मिळाल्यावर अनेकांनी तार सोडली, हे खरं आहे. ब्लूजचा नामांकित गिटारवादक बी. बी. किंग यानेही लहानपणी अशी तार वाजवली आणि पुढे तो गिटारचाच झाला. लेखात मी हे एका ओळीत उरकलं, त्यावर अजून दोन ओळी चालल्या असत्या.

पण लेख ज्याच्यावर आहे त्या माणसाचं काय? पिचफर्ड अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या लेक्झिंग्टनचा, जन्म 1955 चा. सहा तारा जमत नाहीत म्हणून एका तारेवर भागवणारा हा माणूस नव्हता. ब्लूजचा दिग्गज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याची ढब त्याने रॉबर्ट लॉकवूड ज्युनियरकडून उचलली, आणि लॉकवूड खुद्द जॉन्सनकडे शिकलेला. म्हणजे गिटार होती, तालीमही अव्वल होती. तरी डिडली बो, म्हणजे हेच एका तारेचं वाद्य, त्याने सोडली नाही. 1998 मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या थडग्याच्या दगडाला घरच्यांच्या इच्छेने वाजवता येईल अशी तार बसवली गेली. फेकून दिलेल्या वस्तूचा कोणी असा मान ठेवतं का?

आता माझ्या हातांबद्दल. तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. मी शाळेत असल्यापासून व्हायोलिन शिकलो. मींड घेताना सूर जरा खाली राहिला की गुरुजी गज थांबवायला लावायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. गिटार कॉलेजात आली, बोटात काचेची नळी घालून वाजवायला लागलो तेही तेव्हाच. पुढे घरी सागाच्या फळीवर दोन खिळे ठोकून एक तार ताणली, खाली औषधाची बाटली सारली. मिसिसिपीत झाडूला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या लाकडी भिंतीवर ताणत, तीच रीत. दुसरी बाटली हातात धरून तारेवरून फिरवायची. जरा जास्त दाबली की तार फळीवर आपटते, हलकी धरली की नुसती खरखर. गिटारवर नळी पडद्याच्या बरोबर वर धरली की सूर लागतो, तिथे डोळ्यांना आधार असतो. फळीवर पडदेच नाहीत. ब्लूजमधला तो गंधार, जो ना धड कोमल ना धड शुद्ध, फक्त कानाने शोधावा लागतो, आणि सापडला तरी टिकवायला मनगट लागतं. व्हायोलिनवर इतकी वर्षं घालवूनही मला ते सहज आलं नाही. म्हणून पिचफर्ड ऐकताना मी जागचा हलत नाही. याला तुम्ही तुणतुणं म्हणता!

‘गरिबीचं कौतुक’ हा आरोप तर मला मुळीच मान्य नाही. तिथल्या काळ्या शेतमजुरांची गरिबी लेखात आली, कारण त्या तारेमागे ती होतीच. पण वाद्य स्वतः घडवणं ही फक्त नाइलाजाची गोष्ट असती, तर मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा ब्लूज वादक सुपर चिकन पेट्रोलच्या जुन्या कॅनच्या गिटारी कशाला बनवत बसला असता? तो त्या स्वतः रंगवतो आणि त्याच घेऊन मंचावर चढतो. त्याला दुकानातली गिटार परवडत नाही, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? ब्लूज गिटारवादक फ्रेड मॅकडॉवेलने पहिल्यांदा स्लाइड (तारांवरून फिरवायची वस्तू) पाहिली ती काकाच्या हातात, घासून गुळगुळीत केलेल्या बैलाच्या हाडाची. त्याचे सूर त्या हाडामुळे कमअस्सल ठरले नाहीत.

रेझोनेटर गिटार का नाही, हवाईयन गिटार का नाही, विश्वमोहन भट्टांचं नाव का नाही, या तुमच्या बाकीच्या प्रश्नांना एकच उत्तर आहे: तो लेखाचा विषय नव्हता. त्यांच्यावर लिहायचं असेल तर तुम्ही लिहा, मी आवर्जून वाचेन.

आधी पिचफर्डचं एका तारेवरचं वाजवणं हेडफोन लावून नीट ऐका. त्यातला कुठला सूर खोटा वाटला ते सांगा, मी त्यावर हवा तेवढा वाद घालायला तयार आहे. मी काय वाजवलं आणि काय नाही, यावर पुन्हा काही लिहिलंत तर मात्र ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन.