दीड सेकंद वाचवून काय मिळवलं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

मालक, नमस्कार.

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर लवकर उघडावा म्हणून सुरुवातीला कमी कोड लोड कसा करायचा, या माझ्या लेखावर 'जुळे सोलापूरकर' या नावाने तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि चांगलं तिखट लिहिलंत. तुमचे आक्षेप मला समजले ते असे. एडिटर दिवसातून एकदा उघडायचा, त्यात दीड सेकंद वाचवायला संध्याकाळ घालवणं हा रिकामा उद्योग आहे. उशिरा लोड केल्याने वेळ वाचत नाही, नुसता पुढे ढकलला जातो ("सातरस्त्याचा सिग्नल चुकवायला गल्लीबोळातून गाडी काढायची आणि मग टपरीवर अर्धा तास बसायचं", हे वाक्य भारी जमलंय). आणि डेमन, म्हणजे पडद्यामागे कायम चालू राहणारा ईमॅक्स, ठेवला की विषयच मिटतो.

ढकलण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. ईमॅक्सला जोडलेली पॅकेजेस कधी आणि कशी लोड व्हावीत हे ज्यात लिहितात, त्या यूझ-पॅकेजमध्ये 'डिफर'पुढे २ लिहिलं, तर ईमॅक्स दोन सेकंद रिकामा बसला की ते पॅकेज आपोआप लोड होतं. अशी दहा पॅकेजेस टायमरवर टांगली की उघडण्याची वेळ कागदावर झकास दिसते. प्रत्यक्षात आपण फाइल उघडतो, काय लिहायचं याचा क्षणभर विचार करतो आणि पहिलं अक्षर दाबतो, तर नेमकं तेव्हाच लोडिंग चालू झालेलं असतं. लिस्पची (पॅकेजेस याच भाषेत लिहिलेली असतात) फाइल लोड होत असताना ईमॅक्स दुसरं काही करत नाही. कळा दाबत राहा, पडद्यावर काही उमटत नाही. याला तुम्ही फसवणूक म्हणत असाल तर माझीही सही घ्या. गार्बेज कलेक्शनची, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करण्याची, मर्यादा मूळच्या ८ लाख बाइटांवरून आभाळाला भिडवून ती तशीच सोडून देणारे लोकही याच पंगतीतले. सुरुवात जलद होते, पण पुढे ऐन कामात केव्हातरी एडिटर गोठतो.

पण लेखात मी टायमर कुठेच सुचवलेला नाही. सुचवला आहे तो ऑटोलोड. त्यात ईमॅक्सला एवढंच सांगून ठेवायचं असतं की या नावाची कमांड अमुक फाइलीत आहे, कुणी ती दिली तरच फाइल वाच. मग ज्या दिवशी कमांड दिलीच नाही, त्या दिवसाचा वेळ कुठे ढकलला गेला? तो खर्चच झाला नाही. पटत नसेल तर एक करा. संध्याकाळी ईमॅक्स बंद करण्याआधी 'फीचर्स' हे व्हेरिएबल उघडून बघा. त्या सत्रात जे जे लोड झालं त्याची यादी तिथे मिळते. माझ्याकडे लॅटेक, मेल, पीडीएफ वाचक आणि कधीकाळी हौसेने बसवलेले तीन-चार भाषांचे मोड आहेत. बहुतेक दिवशी यातलं एकही त्या यादीत नसतं. मॅगिट (कोडमधले बदल नोंदवणारं गिट ईमॅक्समधून वापरायचं पॅकेज) मात्र जवळजवळ रोज असतं, आणि ते पहिल्यांदा उघडताना क्षणभर थांबावं लागतं, हे कबूल. तो क्षण मी आनंदाने देतो, कारण तेव्हा मला मॅगिट हवं असतं.

खरी मेहनत पॅकेजांची यादी छाटण्यात नसतेच. ती असते, नको असलेली गोष्ट कुणाच्या बोटाला धरून आत येते हे शोधण्यात. टिपणं आणि कामांच्या याद्या ठेवायच्या ऑर्ग मोडचंच घ्या. तुम्ही ते रीतसर ऑटोलोडवर ठेवलंत, पण इनिट फाइलीत (ईमॅक्स उघडताना वाचतो ती सेटिंगची फाइल) बेबलच्या, म्हणजे ऑर्गमध्येच कोड चालवणाऱ्या भागाच्या, भाषा चालू करणारी ओळ मोकळीच राहिली. झालं! ती ओळ चालायला अख्खं ऑर्ग लोड व्हावं लागतं, आणि त्याच्यामागून प्रत्येक भाषेची फाइल. स्क्रॅच बफरचा (सुरुवातीला मिळणाऱ्या कच्च्या पानाचा) मोड ऑर्ग ठेवणाऱ्यांचंही तेच. ती ओळ 'ऑर्ग लोड झाल्यावर' या अटीत घातली की संपलं. ओळ तीच राहते, फक्त जागा बदलते.

"माझ्याकडे फरकच दिसत नाही" असंही तुम्ही लिहिलंय. एसएसडीवर, तेही दुसऱ्यांदा उघडताना, नाही दिसणार. 'रिक्वायर' म्हटलं, म्हणजे पॅकेज लगेच लोड करायला सांगितलं, की ईमॅक्स लोड-पाथमधली एकेक डिरेक्टरी धुंडाळतो, आणि बसवलेलं प्रत्येक पॅकेज त्यात आपली एक डिरेक्टरी वाढवतं. एकदा सगळं मेमरीत आलं की हे शोधणं फुकटात होतं. जुन्या हार्ड डिस्कवर, मशीन नुकतंच चालू झालेलं असताना, ते फुकट नसतं.

इथे डेमनचा मुद्दा येतो. डेमन मलाही माहीत आहे, घरी वापरतोही. पण माझं निम्मं काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटांच्या ऑफिसांत चालतं. बिलिंगच्या मशीनवर बसायचं, स्क्रिप्टमधल्या दोन ओळी बदलायच्या, पुढच्या युनिटला जायचं. डिस्क जुनी, यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात केव्हाच बसलेली. लाइट गेली की डेमनही गेला. शिवाय मशीन दुसऱ्याचं, त्यावर मी माझा डेमन कायमचा ठेवून कसा येऊ? तिथे ईमॅक्स दिवसातून एकदा उघडत नाही. प्रत्येक गिट कमिटला, प्रत्येक क्रॉनटॅबला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) नव्याने उघडतो, आणि शेजारी मुनीमजी बिलं अडली म्हणून बघत उभे असतात.

तुमच्यासारख्या कायम डेमनवर असणाऱ्याने मात्र माझा लेख उलटा वाचावा. डेमन एकदाच उठतो, मग त्याच वेळी सगळं लोड करून टाकलेलं बरं. त्यासाठी यूझ-पॅकेजमध्ये 'ऑलवेज-डिमांड' नावाचं व्हेरिएबल आहे. डेमन असेल तेव्हा ते चालू राहील असं लिहून ठेवा, म्हणजे दिवसभरात पहिल्या वापराचा अडथळाही उरणार नाही. मीसुद्धा पॅकेजेस अपग्रेड केल्यावर एकदा ते चालू करून ईमॅक्स उघडतो. ऑटोलोडचा खरा तोटा तुमच्या प्रतिक्रियेत आलाच नाही, तो इथे सांगतो. मोडलेलं पॅकेज लोडच झालं नाही तर ते मोडलंय हे कळत नाही. कळतं ते नेमकं गरजेच्या दिवशी.

"एवढं करण्यापेक्षा व्हीएस कोड घ्या" याबद्दल थोडक्यात. तिथेही प्रत्येक एक्स्टेन्शनला आपण कधी जागं व्हायचं ते सांगावं लागतं, आणि 'नेहमीच' असं सांगणारी एक्स्टेन्शन्स तिथेही उघडण्याला उशीर लावतात. विम या एडिटरमध्ये २००६ च्या ७ व्या आवृत्तीपासून ऑटोलोड आहे. एडिटर बदलून हा हिशेब चुकत नाही.

तुमच्या मशीनवर काही करण्यासारखं आहे का, हे बघायचं असेल तर मशीन रीस्टार्ट करा, डेमन न उठवता ईमॅक्स उघडा आणि 'ईमॅक्स-इनिट-टाइम' ही कमांड द्या. मग पुन्हा रीस्टार्ट करून '-Q' (कॅपिटल क्यू) पर्यायाने, म्हणजे कोऱ्या स्थितीत, उघडा. कोरा ईमॅक्सच रेंगाळत असेल तर दोष डिस्कचा. तो पटकन उघडला आणि पहिला आकडा मोठा आला, तर तुमचं 'फीचर्स' इथे चिकटवा, ऑर्ग कुठून आत शिरतंय ते मी बघून सांगतो.