एक तारा देणाऱ्या ताईंना, ड्रायव्हिंग स्कूलकडून

नमस्कार ताई,

आमच्या क्लासला एक तारा देऊन तुम्ही जो रिव्ह्यू लिहिलात, तो सगळा वाचला. तुमचं नाव, बॅच इथे काढत नाही. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तक्रारी तेवढ्या थोडक्यात सांगतो. सुरुवातीचे दिवस आम्ही तुम्हाला मोकळ्या मैदानात नुसतं क्लच सोडायला लावलं. हायवे दाखवला तो अगदी शेवटी. सात रस्ता चौकात ट्रेनरने मध्येच ब्रेक दाबला आणि चारचौघांत ओरडला. टेस्टमध्ये चढावर गाडी मागे आली, नापास झालात. मग "तुमची ओळख असेल की, जरा बघा ना" असं म्हणालात तर आम्ही नाही म्हटलं. आणि शेजारच्या वहिनींना दुसरीकडे पंधरा दिवसांत लायसन मिळालं.

वहिनींचं आधी घेतो, कारण ते लवकर संपतं. कच्चं लायसन काढल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देताच येत नाही. हा नियम सगळ्या देशाला आहे, एमएच-१३ ला, म्हणजे आपल्या सोलापूरला, वेगळा नाही. त्यामुळे ते पंधरा दिवस क्लासचे असतील, लायसनचे नव्हेत. आणि क्लासचं म्हणाल तर स्वतःच्या कारसाठी शिकणाऱ्याला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १० तास, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. त्या तासांची नोंदवहीही ठेवावी लागते. तुमचं पान ऑफिसात आहे, कधीही येऊन बघा.

ओळखीबद्दल एकच सांगतो. इतकी वर्षं हा धंदा करतोय म्हटल्यावर आरटीओतले साहेब लोक चेहऱ्याने ओळखतातच. पण त्या ओळखीवर तुम्हाला पास करून आणलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला होटगी रोडवर तुम्ही एकट्या असता आणि बाजूच्या सीटवर ब्रेक नसता. त्यापेक्षा एक तारा परवडला.

आता क्लच. नव्या माणसाला वाटतं, गाडी चालवणं म्हणजे स्टिअरिंग फिरवणं. स्टिअरिंग दोन दिवसांत जमतं हो. अवघड असतो तो डावा पाय. क्लच वर येताना एका जागी गाडी हलकी थरथरते, इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं. आमचे ट्रेनर त्याला हाफ क्लच म्हणतात. ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते आणि ती डोळ्यांनी दिसत नाही, पायालाच कळावी लागते. म्हणून मैदानात पहिल्यांदा ॲक्सिलरेटरला पाय लावू देत नाही, फक्त क्लचवर गाडी मुंगीच्या पावलाने पुढे नेऊन थांबवायला सांगतो. कंटाळा येतो, मान्य आहे. माझ्या स्वतःच्या घरातल्यांनाही आला होता.

पण तुम्ही नापास झालात त्या चढावर नेमकं हेच लागतं. टेस्टच्या नियमात स्पष्ट आहे की चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक वापरून किंवा फूटब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या साहाय्याने, अजिबात मागे न घसरता पुन्हा पुढे काढायची. थोडीशी घसरली तर चालेल असं त्यात कुठेही नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी केलं ते बरोबरच केलं. तुमचं काय झालं, तर हँडब्रेक आधी सोडला आणि मग हाफ क्लच शोधायला लागलात. क्रम उलटा पाहिजे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, गाडीचं नाक उचललं की पाय तिथंच धरायचा, थोडा ॲक्सिलरेटर आणि मग हँडब्रेक खाली. घाईत गाडी बंद पडली तरी घाबरायचं नाही. ब्रेक दाबून पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट मात्र यातून उलटी शिकू नका. काही जण सिग्नलला चढावर हाफ क्लचवरच गाडी झुलवत उभी ठेवतात, मोठं कसब असल्यासारखं. क्लचप्लेट जळते त्याने, आणि मग गॅरेजवाला बिल देतो तेव्हा गाडीच खराब निघाली म्हणायचं. उभं राहायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

सात रस्त्याचा प्रसंग. ट्रेनरकडून त्याच दिवशी ऐकला होता, आता पुन्हा विचारला. पुढे रिक्षा प्रवासी घ्यायला थांबली. तुम्ही तिला ओलांडायला स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. इंडिकेटर दिला होता, पण आरसा बघितला नव्हता आणि मागून सिटी बस येत होती. ताशी ४० च्या वेगात वाहन सेकंदाला ११ मीटर पुढे जातं. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच बस ११ मीटर पुढे आलेली असते. ट्रेनरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो तो अशाच वेळेसाठी. शिकाऊ माणसाशेजारी बसणाऱ्याला गाडी थांबवता आली पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. तो ओरडला म्हणता. "ब्रेक" हा शब्द आमच्याकडे हळू आवाजात कुणीच शिकवत नाही.

आरशाचं टेस्टमध्येही बघतात, तेही सिग्नल देण्याआधी बघितला का ते. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून एक नजर आणि मग स्टिअरिंग. खांद्यावरची नजर अशासाठी, की आरशात न दिसणारी जागा नेमकी दुचाकीएवढी असते. आपल्या गावात तर उजवा इंडिकेटर, डावा हात आणि गाडी सरळ, असेही लोक भेटतात. नवी पेठेत संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा, सगळे प्रकार बघायला मिळतील. दुसऱ्याच्या इंडिकेटरवर विश्वास ठेवायचा नाही, त्याचं पुढचं चाक कुठं वळतंय ते बघायचं.

हायवेला शेवटी नेतो, ते मुद्दाम. बाळे गावाच्या पुढे पुणे रोडला लागलं की रस्ता मोकळा दिसतो आणि शिकणारा खूश होतो, "हे तर सोपं आहे!" सोपं असतंच, काही आडवं येईपर्यंत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. शहरातल्या वेगाचा अंदाज तिथे चालत नाही. त्यात आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम. दिवाळीनंतर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने झाकलेला, आणि त्याचा वेग बैलगाडीपेक्षा थोडाच जास्त. समोरून अप्पर मारत, म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत टाकत, कुणी आला की ती ट्रॉली दिसतच नाही. अशा वेळी समोरच्या लाईटकडे बघायचं नाही, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची आणि आपल्या हेडलाईटच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग धरायचा. उसाची ट्रॉली ओव्हरटेक करताना जास्त जागा सोडायची, मोळ्या बाहेर आलेल्या असतात. कोजागिरीला तुळजापूर रोडवर पायी जाणाऱ्यांची रांग असते, आषाढीला पंढरपूरकडच्या रस्त्यांवर दिंड्या असतात. तेव्हा तर गरज नसेल तर त्या रस्त्याला जाऊच नये, असं मी प्रत्येक बॅचला सांगतो. हे टेस्टमध्ये विचारत नाहीत.

फी परत मागितली आहे. ती मिळणार नाही, कारण ठरलेले तास पूर्ण झालेत. पण तुमची टेस्ट अजून संपलेली नाही. नापास झाल्यावर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र पुढे ६० दिवस थांबावं लागतं. कच्च्या लायसनची मुदत सहा महिने आहे, तुमची अजून बाकी आहे. पुन्हा टेस्टला बसणाऱ्यांकडून चढाच्या आणि रिव्हर्सच्या सरावाचे पैसे आम्ही घेत नाही. हे तुमच्या तक्रारीमुळे ठरवलेलं नाही, पहिल्यापासून असंच आहे आणि पावतीच्या मागे छापलंय.

सकाळी सहाची वेळ मोकळी आहे. त्या वेळी मैदानही रिकामं असतं आणि ऊनही नसतं. तुमच्यासोबत दुसरे ट्रेनर हवे असतील तर तसं फोनवर सांगा, बदलून देतो. येताना कच्चं लायसन घेऊन या, आणि मागच्या वेळची ती उंच टाचेची चप्पल नको. पातळ तळव्याचे, मागे पट्टा असलेले सँडल घाला, त्यात क्लच लवकर कळतो.