‘त्याला पैसे देऊ नका, आकडा लावतो’

सांगलीत एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. शटर ओढलं की पायरीवर एक मामा पथारी टाकतात. एकेकाळी मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचे. कुणी दहा-वीस दिले की शेजारचे हटकतात, ‘कशाला देताय? आकडा लावतोय त्यो.’

लावतात, मटक्याचा. खोटं कशाला बोलू? ओपन, क्लोज, जोडी, सगळं तोंडपाठ. जुगारबंदीचा कायदा 1887 चा, तरी दुपारनंतर मामा टपरीकडे निघालेच. (सरकारची स्वतःची लॉटरी 1969 पासून आहे, ती चालते. असो.)

एकदा मी शहाणपणा करून हिशोब मांडला. मामा, 00 ते 99 अशा जोड्या शंभर, आणि लागली तर दहाला नऊशे. म्हणजे दर शंभरातले दहा आकडा घेणाऱ्याचेच. मामा हसले. ‘मालक, मग ह्ये दहा ठिवू कुठं? झोप लागली की खिसा कापत्यात. मागं तर चपला बी नेल्या.’

माझी बोलतीच बंद. ‘साठव’ म्हणणाऱ्याच्या दाराला कडी असते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बँकेत जावं तर पहिला प्रश्न पत्त्याचा. सकाळपर्यंत टिकणारच नाहीत असे दहा रुपये माणसानं संध्याकाळी लावले, तर त्याला बिनडोक कसं म्हणायचं?

तरी मी आकड्याची बाजू घेत नाही. मामांची भाड्याची खोली त्यापायीच गेली, हे त्यांनीच सांगितलंय. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. लंडनच्या बेघरांची एक पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. 456 जणांत 11.6 टक्के लोक जुगाराच्या पुरते आहारी गेलेले निघाले. तिथल्या सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण 0.7 टक्के. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्येच जुगाराला दारूच्या पंगतीत, व्यसन म्हणून बसवलं. आपण मात्र दारुड्याला व्यसनमुक्ती केंद्र सुचवतो आणि आकडेवाल्याला ‘हावरा’ म्हणून मोकळे होतो.

बेघरांच्या निवाऱ्यात खाटेसोबत कुलपाचं एक कपाट द्या, आणि दारूबद्दल विचारता तसं आकड्याबद्दलही विचारा. एवढं तरी जमावं.

सध्या मामांचे पैसे माझ्या गल्ल्याशेजारी बिस्किटाच्या डब्यात असतात. परवा 340 झाले होते. दुपारी येऊन म्हणाले, ‘चाळीस द्या.’ मी दिले. कशाला, ते विचारलं नाही. टपरीच्या दिशेनं गेले खरे, पण चहाही तिथंच मिळतो.