पुण्य कमवायला गप्पी सोडू नका

सकाळी सकाळी ग्रुपवर फोटो. एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं, डोंगराखालचा ओढा, हातात गप्पी माशांच्या पिशव्या. खाली 'डासमुक्त गाव, समृद्ध निसर्ग' आणि वर अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं. त्या ओढ्यात आधीपासून कोण राहतंय, हे एकाने तरी वाकून बघितलं का?

मागच्या हिवाळ्यात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमावर गेलो होतो. महादेवाचं देऊळ, समोर कुंड, आतून येणारं गारेगार पाणी. एक सद्गृहस्थ मुलाच्या फिशटँकमधले मासे पिशवीत घेऊन काठावर उकिडवे बसलेले. "देवाच्या पाण्यात सोडतो, जगतील बिचारे." पलीकडून नारळवाली आजी कडाडली, "ओ, हंय काय्येक सोडू नको! हंयचे मासे वेगळे आसत!"

शास्त्रज्ञ वेगळं काय म्हणतात? तेच म्हणतात.

२०२० साली या कुंडातल्या माशाची नवी जात म्हणून नोंद झाली. शिस्टुरा हिरण्यकेशी. शोधणाऱ्यांत तेजस ठाकरे होते, जयसिंहन प्रवीणराज होते, शंकर बालसुब्रमण्यन होते. (आडनाव वाचून कमेंटमध्ये राजकारण सुरू करू नका, विषय माशाचा आहे.) २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैविक वारसास्थळ जाहीर केली. किती जागा? २.११ हेक्टर.

आणि मासा? बोटापेक्षा लहान. पिवळसर अंगावर गडद पट्टे, तोंडाभोवती मिशा. मिरवत पोहणारा नाहीच हा. तळाशी दगडाला चिकटून बसेल, जरा सरकेल, परत बसेल. मी बराच वेळ पाण्यात बघत होतो तेव्हा कुठे एक पट्टा हलला. मला दगडच वाटला होता. पाणी स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेलं हवं, दगडांच्या फटी मोकळ्या हव्यात. एवढंच मागणं. साबणाचा फेस आणि गाळ आला की फटीही गेल्या आणि अंडीही.

सद्गृहस्थ आजीला म्हणाले, "अहो, मासेच तर आहेत, माशांत मासे." माणूस वाईट नव्हता हो. पोराला जीवदया शिकवत होता. त्रास त्याचाच आहे. विष टाकणाऱ्याला आपण अडवू तरी, पुण्य करणाऱ्याला कोण अडवणार?

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. डासांच्या अळ्या खातो, खरं आहे. पण अळ्या संपल्या म्हणून उपास धरत नाही, दुसऱ्यांची अंडी, पिल्लंही खातो. त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया तर याहून खादाड. आणि चिलापी? मूळ आफ्रिकेतला हा तिलापिया १९५२ साली देशात आला. आज उजनीच्या काठी जाऊन विचारा जाळ्यात काय लागतं ते. चिलापी, चिलापी आणि चिलापी. तोही कुणीतरी भल्यासाठीच आणला होता ना?

हो, डेंग्यू खोटा नाही. भाचीच्या प्लेटलेट्स उतरल्या तेव्हा रात्रभर दवाखान्यात मीच बसलो होतो. बंद सिमेंटच्या टाकीत सोडा गप्पी, माझं काही म्हणणं नाही. पण वाहत्या ओढ्यात डेंग्यूचे डास अंडी कुठे घालतात? ते तुमच्या कुंडीखालच्या ताटलीत घालतात. ती ताटली ओता आधी! आणि आपल्याकडे डोक्यावर चमकता ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा इवलासा मासा आहेच की. तो पिढ्यान्‌पिढ्या अळ्या खातोय, पण त्याच्यासाठी कुणी टी-शर्ट छापत नाही.

आजीने शेवटी त्यांना पिशवी परत घ्यायला लावली. कायद्याचं कलम तिला माहीत नसेल, आवाज मात्र होता. सद्गृहस्थ पुटपुटत गाडीकडे गेले, पोरगं मात्र वाकून कुंडातले मासे शोधत होतं. त्याला कुणी दाखवले असते तर बरं झालं असतं.

फिशटँकचा कंटाळा आलाय? मासे दुकानदाराला परत द्या, मित्राला द्या. नदीत नको, तळ्यात नको, देवाच्या कुंडात तर नकोच.

आणि 'दोन-चार माशांनी काय होतंय' असं लिहायला बसलेल्यांसाठी: गप्पीची मादी अंडी नाही, थेट पिल्लं घालते. नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढे नर नसला तरी महिनोन्‌महिने पिल्लं घालत राहते. दोन-चार कशाला, एक पुरते.