गट नंबर नसलेल्यांचा फॉर्म

शिरपूर भागात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र आहे. मागच्या पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून एक माय आली. पिशवीत पिशवी, तिच्यावर रबर, आत वनहक्काचा पट्टा, म्हणजे जंगलातल्या कसत्या जमिनीचा हक्काचा कागद. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. शेतीसंबंधी एक अर्ज भरायचा होता आणि त्यात 'गट नंबर', म्हणजे सातबारावरचा जमिनीचा क्रमांक, त्याच्यापुढे लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना.

"भाऊ, मनी जमीन जंगलमानी शे. तिले गट नंबर कथाईन येई?"

तिच्या पट्ट्यावर वनकक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या भागाचा नंबर) आणि चतुःसीमा होत्या. 2006च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, पण फॉर्ममध्ये नावाची चौकट एकच. मी 'गट नंबर'मध्ये 1 टाकला आणि पुढे गेलो. अर्ज त्रुटीत परत आला. मायला पुन्हा दोनदा एसटीने यावं लागलं, दोन्ही वेळा मजुरी बुडवून. हे मला अजून सलतं.

फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच शेतकरी असतो: सातबारा नावावर असलेला पुरुष. इथे बटाईने करणारा आहे, वनपट्टेवाला आहे, आणि वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारा सालदारही आहे. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतं, म्हणजे मालकही बदलतो, कधी राहायचं गावही. या सगळ्यांना एकाच चाळणीतून काढलं की लोक खोटं भरायला शिकतात. ते खोटं आपणच त्यांच्याकडून वदवून घेतो.

आमच्या भागातल्या शेतकरी गटासाठी यंदा मी स्वतः फॉर्म बनवला. पहिलाच प्रश्न: 'तुम्ही जमीन कशी करता?' स्वतःची, बटाईने, वनपट्टा, सालदारकी. उत्तराप्रमाणे पुढचे प्रश्न वेगळे. सातबारावाल्याला गट नंबर, पट्टेवाल्याला कक्ष क्रमांक आणि दोघांची नावं, सालदाराला फक्त 'या आखाजीपासून कोणाकडे?' 'तुम्ही शेतकरी आहात का?' असं मुद्दाम विचारलं नाही. सालदार बिचारा 'नाही' म्हणून मोकळा होतो, आणि उभं पीक त्याच्याच हातचं असतं.

हे गूगल फॉर्म्समध्ये फुकटात होतं. एक पर्याय निवडायचा प्रश्न घ्या, प्रत्येक पर्यायाला कुठल्या विभागात पाठवायचं ते ठरवा. जो विभाग आलाच नाही, त्यातली चांदणी आडवी येत नाही. स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी मात्र जपावं. चौकट नुसती लपवली आणि तिची सक्ती तशीच ठेवली, तर 'सादर करा' दाबूनही काहीच होत नाही. भरणाऱ्याला चूकही दिसत नाही, तो बटण दाबत बसतो. आणि कोणी मागे जाऊन 'बटाई'चं 'वनपट्टा' केलं, तर लपलेल्या चौकटीतलं जुनं उत्तर पुसलं गेलं पाहिजे. नाहीतर दोन्ही एकदम जातात आणि पुन्हा त्रुटी.

अजून एक. आमच्याकडे मोबाईलचा कीबोर्ड मराठीत असतो, माणूस नंबर ९८ असा देवनागरीत टाकतो आणि फॉर्म म्हणतो 'अवैध क्रमांक'. ते अंक बदलून घेणं हे दोन ओळींचं काम आहे, ते फॉर्मने करावं. सत्तर वर्षांच्या बाबांना कीबोर्ड बदलायला लावू नये.

तीच माय परवा गटाचा फॉर्म भरायला आली होती. सहा प्रश्न. नवऱ्याचं नाव आधी लिहू की माझं, एवढंच तिने विचारलं. म्हटलं, माय, तुमचं आधी लिहू.